बिबळ्याचा पेला: शुगर आणि कोलेस्टेरॉल दोन्हीवर चालतो का? तपासायचं तर कसं?

पारिजातक (धागाकर्ती)

मंडळी, आमच्याकडे सध्या एका लाकडी पेल्यावरून रोज सकाळी वाद होतोय म्हणून हा धागा काढतेय. सासऱ्यांना टाइप २ डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन चालू आहे आणि कोलेस्टेरॉलसाठी रात्री अ‍ॅटोर्वास्टॅटिन. त्यांच्या मित्राने त्यांना बिबळ्याचा म्हणजे विजयसारच्या लाकडाचा पेला आणून दिला. रात्री त्यात पाणी भरून झाकून ठेवायचं आणि सकाळी अनशापोटी प्यायचं. पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो, चव तुरट, आणि खिडकीतल्या उन्हात ग्लास धरला की कडेला निळसर झाक दिसते, ती ते येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात.

इथवर ठीक होतं. पण मागच्या रिपोर्टमध्ये फास्टिंग खाली आली आणि आता त्यांचं म्हणणं की हा पेल्याचाच गुण, आणि मित्राच्या म्हणण्याप्रमाणे पेला कोलेस्टेरॉलवर पण चालतो, तर मग रात्रीची गोळी कशाला. त्याच सुमारास डॉक्टरांनी मेटफॉर्मिन वाढवलेली हे मी म्हटलं तर ते कोणी ऐकत नाही.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, या झाडावर माणसांमध्ये खरंच काही टेस्टिंग झालंय का की नुसते फॉरवर्ड. दोन, घरच्या घरी, डॉक्टरांना सांगून, याचा उपयोग होतोय की नाही हे तपासता येईल का? कृपया "बंद करा सगळं" किंवा "अ‍ॅलोपॅथी विष आहे" असे प्रतिसाद नकोत, दोन्ही घरात ऐकून झालेत.

---

टांगारू

आमच्या चुलत्यांनी वर्षानुवर्षं वापरला. शुगर कधी वर गेली नाही. आपल्या पूर्वजांना कळत होतं, त्यांना काय डबल ब्लाइंड करायची गरज नव्हती. बिनधास्त चालू ठेवा.

---

किरकिऱ्या

टांगारूदादा, चुलते गोळी पण घेत होते का? आणि "वर गेली नाही" म्हणजे मोजत किती वेळा होते?

---

टांगारू

गोळी घ्यायचे अर्धी. त्याने काय होतंय.

---

किरकिऱ्या

:) बरं.

---

लॅबकोट

पारिजातक ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे आणि हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. विजयसारवर आपल्याच आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) माणसांमध्ये ट्रायल केलीय, १९९८ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आली. चार केंद्रांवर, नुकताच डायबेटिस सापडलेले किंवा आधी औषध न घेतलेले टाइप २ चे पेशंट, त्यांना विजयसारचा २ ग्रॅम डोस सुरू करून गरज पडली तर ३ आणि ४ ग्रॅमपर्यंत वाढवला. १२ आठवड्यांनी ९७ पैकी ६७ जणांची फास्टिंग आणि जेवणानंतरची अशा दोन्ही शुगर आटोक्यात आल्या, म्हणजे ६९ टक्के. सरासरी फास्टिंग १५१ होती ती ३२ ने उतरली, जेवणानंतरची २१६ होती ती ४५ ने. चार जणांना मात्र शुगर फारच चढल्यामुळे बाहेर काढावं लागलं. साइड इफेक्ट कोणाला झाल्याची नोंद नाही.

आता ज्या ओळीवरून कोणी फॉरवर्ड बनवत नाही ती ओळ: लिपिड्सच्या म्हणजे कोलेस्टेरॉल वगैरेच्या सरासरीत लक्षणीय बदल झाला नाही. म्हणजे तुमच्या घरातल्या वादाचा अर्धा भाग या एका ओळीत संपतो. शुगरवर बोलायला जागा आहे पण कोलेस्टेरॉलची गोळी पेल्याच्या भरवशावर सोडायला या ट्रायलमध्ये काहीही आधार नाही.

दुसरं, ही ओपन ट्रायल होती. डॉक्टरलाही माहीत, पेशंटलाही माहीत की विजयसार चालू आहे, आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता. नवीन डायबेटिस सापडलेला माणूस पहिले तीन महिने कसा वागतो ते मी रोज काउंटरवर बघतो, साखर बंद, भात कमी, पहाटे चालायला. त्यातली किती शुगर लाकडाने उतरवली आणि किती चालण्याने हे अशा ट्रायलमधून वेगळं काढता येत नाही.

---

गणिती

लॅबकोट +१. त्यात अजून एक भर. माणूस ट्रायलमध्ये घेतला जातो तो त्याची शुगर चढलेली असते तेव्हा. चढलेला कुठलाही आकडा परत मोजला की सरासरीकडे थोडा उतरतोच, काही न करता. हे सासऱ्यांच्या रिपोर्टलाही लागू आहे, रिपोर्ट वाईट आला म्हणून डॉक्टरकडे गेले, म्हणून मेटफॉर्मिन वाढली, म्हणून मित्राने पेला दिला, आणि पुढचा रिपोर्ट बरा आला. तीन कारणं एकाच वेळी रांगेत उभी आहेत आणि श्रेय मात्र जो दिसायला देखणा आहे त्याला.

---

चिंधी

त्याला खाली निळी झाक पण आहे ना, मेटफॉर्मिनला कुठे झाक आहे

---

हिरवी वेल

लॅबकोट, माहितीपूर्ण प्रतिसाद, वाचनखूण साठवली आहे. एक शंका, १९९८ नंतर काहीच केलं नाही का मग? तुलनेचा गट घेऊन?

---

लॅबकोट

केलं. पुढची ट्रायल २००५ साली आली, तिच्यात गट पाडले होते आणि डबल ब्लाइंड होती, म्हणजे कोणाला काय मिळतंय ते डॉक्टरलाही माहीत नाही आणि पेशंटलाही नाही, विजयसार एका बाजूला आणि टॉलब्युटामाइड दुसऱ्या बाजूला. टॉलब्युटामाइड म्हणजे डायबेटिसची जुन्या पिढीतली सल्फोनिल्युरिया प्रकारची गोळी, आता क्वचितच कोणी लिहून देतं. दोन्ही गटांत बहुतेकांची शुगर आटोक्यात आली. म्हणजे ओपन ट्रायलपेक्षा पुरावा एक पायरी वर गेला. पण नुसत्या डमीचा, प्लासिबोचा गट नव्हता, आणि इथेही पेशंट नव्याने सापडलेलेच. सासऱ्यांसारखे आधीपासून गोळीवर असलेले लोक यात नाहीतच. मेटफॉर्मिनच्या जोडीला विजयसार दिल्यावर काय होतं याचं उत्तर या दोन्ही ट्रायल देत नाहीत.

आणि १९९८ च्या कागदात एक गंमत आहे, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी टेस्ट) ९.८ वरून ९.४ झाली असं आहे. आजच्या हिशोबाने फास्टिंग १५१ आणि जेवणानंतर २१६ असणाऱ्याची एचबीएवनसी ९.८ येणार नाही, बरीच खाली येईल. त्या काळात ही टेस्ट करायच्या पद्धती लॅबगणिक वेगळ्या होत्या, आकडे आपसात जुळत नसत. त्यामुळे ९.४ आकडा बघून "हे कसलं कंट्रोल" असं म्हणू नका आणि ०.४ ने उतरली म्हणून नाचू पण नका.

---

सह्यवासी

एक मुद्दा राहतोय. ट्रायलमध्ये मोजूनमापून डोस दिलेला, पेला कोणी दिला नव्हता. पेल्यात रात्रभर गार पाण्यात किती उतरतं ते लाकडाच्या वयावर, गाभा आहे की बाहेरचं पांढरं लाकूड आहे यावर, पेला नवा की जुना, पाणी किती, सगळ्यावर अवलंबून. नवीन पेला पहिले काही दिवस गडद रंग सोडतो मग फिका होत जातो, तेव्हा लोक आतून घासतात नाहीतर दुसरा आणतात. म्हणजे डोस रोज बदलतोय.

जंगलात बिबळा ओळखायला सोपा, सालीवर घाव घातला की लाल डिंक ओघळतो, आणि शेंग गोल चपटी, मधे बी आणि भोवती पापुद्र्याची झालर. पण लेथवर घडवलेला पेला हातात आला की तुम्ही मी काय ओळखणार. कुठल्याही तांबूस लाकडाला रंग लावून विकलं तर पाणी रंगतंच. निळी झाक ही जुनी खूण आहे पण ती झाक दाखवणारी याच कुळातली दुसरी लाकडंही आहेत, तेव्हा झाक आली म्हणजे बिबळा आणि बिबळा आला म्हणजे औषध असा सरळ हिशोब नाही.

अवांतर: एकेका पेल्यामागे गाभा भरायला कैक वर्षं घेतलेलं झाड पडतं. आमच्या भागात जाडजूड बिबळे आता शोधावे लागतात.

---

टांगारू

सगळं मान्य पण उंदरांवर तर कोलेस्टेरॉल पण उतरलंय, मी स्वतः वाचलंय. ते पण परदेशी जर्नलमध्ये. त्याचं काय?

---

लॅबकोट

उतरलंय, खरं आहे. १९९३ मध्ये विजयसारच्या गाभ्यातले फ्लॅव्होनॉइड वेगळे काढून उंदरांना दिले होते आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), टोटल कोलेस्टेरॉल, एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) सगळं उतरलं होतं. अडचण उंदरात आहे. त्याच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल मुख्यतः एचडीएलमधून (ज्याला चांगलं म्हणतात ते) फिरतं, आपलं एलडीएलमधून. आपल्यात सीईटीपी नावाचं एक प्रोटीन असतं जे एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल उचलून एलडीएलच्या बाजूला नेतं, ते उंदराकडे नसतंच. त्यामुळे उंदराचा लिपिड प्रोफाइल मुळात माणसासारखा नाही, आणि आयसीएमआरच्या पेशंटमध्ये लिपिड जागचे हलले नाहीत यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

शुगरचंही तसंच. उंदराला डायबेटिस "करतात" तो अ‍ॅलॉक्सन किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून, ही रसायनं इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच मारतात. सासऱ्यांच्या बीटा पेशी कोणी विष घालून मारलेल्या नाहीत, त्यांच्या शरीरात इन्सुलिन आहे पण ते नीट लागू पडत नाही. १९८० च्या आसपास याच झाडातल्या एपिकॅटेचिन नावाच्या द्रव्याने उंदरांच्या बीटा पेशी परत उगवतात असं छापून आलं होतं, खळबळ झाली, मग दुसऱ्यांनी करून बघितलं तर त्यांना तसं दिसलं नाही. फॉरवर्डमध्ये "बीटा सेल पुन्हा तयार होतात" असतं ते तिथून आलेलं.

अजून एक, आणि हे मला स्वतःला फार रंजक वाटतं. या झाडात टेरोस्टिल्बीन नावाचं द्रव्य असतं, ब्लूबेरीतही असतं, कोलेस्टेरॉल उतरवेल म्हणून त्याचा बराच गाजावाजा होता. २०१४ मध्ये अमेरिकेत ८० जणांवर प्लासिबोशी तुलना करून ट्रायल झाली, ज्यांचं कोलेस्टेरॉल चढलेलं अशा लोकांवर. मोठ्या डोसमध्ये बीपी थोडं उतरलं, पण एलडीएल वाढलं! उतरलं नाही, वाढलं. पेल्याच्या पाण्यात ते फारसं येत नसणार कारण पाण्यात ते नीट विरघळत नाही, तेव्हा घाबरू नका, पण "कोलेस्टेरॉलवर पण चालतो" या वाक्याची किंमत यावरून ठरवा.

---

हिरवी वेल

बाप रे. गुग्गुळाचं पण असंच झालेलं ना?

---

गणिती

हो, तो तर मी शिकवताना नेहमी घेतो. आपल्याकडे गुग्गुळाच्या अर्कावर लखनौच्या सीडीआरआयने (केंद्रीय औषध संशोधन संस्था) काम करून तो कोलेस्टेरॉलचं औषध म्हणून बाजारात आला, इथल्या ट्रायलमध्ये कोलेस्टेरॉल उतरलेलं. मग २००३ मध्ये अमेरिकेत १०३ लोकांवर, ८ आठवडे, प्लासिबो ठेवून. प्लासिबोवाल्यांचं एलडीएल ५ टक्के उतरलं, आणि गुग्गुळवाल्यांचं ४ ते ५ टक्के चढलं, वर काही जणांना अंगावर पुरळ. प्लासिबोचा गट नसता तर काय शिकलो असतो विचार करा. अर्थात तिथले लोक, तिथलं जेवण वेगळं, आणि आठ आठवडेच, त्यामुळे गुग्गुळाची कथा तिथेच संपली असंही मी म्हणणार नाही. पण दावा करणाऱ्याने पुढची ट्रायल करायची असते, शंका घेणाऱ्याने नाही.

---

किरकिऱ्या

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

---

वैद्यबुवा_नव्हे_वैद्या

उशिरा येतेय. मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते आणि इथे दोन्ही बाजूंनी माझ्या नावावर काहीबाही खपवलं जातंय म्हणून लिहिते.

सुश्रुतात सालसारादि गण म्हणजे औषधी झाडांचा एक गट आहे, त्यात असन म्हणजे हाच बिबळा आणि त्या गणाचं काम सांगितलंय मेह (मधुमेह यातच येतो), मेद, पांडू, कुष्ठ असं. म्हणजे टांगारू म्हणतात ती परंपरा खरी आहे. पण ग्रंथात पेला नाही. वैद्य देतो तो काढा किंवा सार, मात्रा ठरवून, आणि माणूस बघून, आहार विहार सांगून. किरकोळ बांध्याच्या, वजन उतरत चाललेल्या डायबेटिकला आणि पोट सुटलेल्याला मी एकच औषध देत नाही. "शुगर आहे, पेला घ्या" हे आयुर्वेद नव्हे, हे दुकान आहे.

आणि पारिजातक, सासऱ्यांची स्टॅटिन बंद करायला मी कधीही सांगणार नाही. डायबेटिस असलेल्यांमध्ये ती गोळी फक्त आकडा खाली आणायला देत नाहीत. २००४ ची कार्ड्स नावाची ट्रायल आहे, टाइप २ चे २८०० च्या वर पेशंट, हार्टचा आजार आधी नसलेले, अ‍ॅटोर्वास्टॅटिन १० मिलिग्रॅम विरुद्ध प्लासिबो, आणि हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मोठ्या घटना ३७ टक्के कमी. माझ्याकडच्या कुठल्याही काढ्याबद्दल मला असं वाक्य बोलता येत नाही. बोलता आलं असतं तर आवडलं असतं.

---

टांगारू

ताई तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. पण ठीक आहे, स्टॅटिनचं मागे घेतो. शुगरसाठी पेला वाईट आहे असं तर कोणी म्हणत नाहीये ना?

---

वैद्यबुवा_नव्हे_वैद्या

वाईट नाही म्हणत. पण मेटफॉर्मिनऐवजी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्याने न सांगता भर घालू नये, शुगर एकदम खाली जाऊ शकते, घाम, थरथर, चक्कर, आणि वयस्कर माणूस पहाटे बाथरूममध्ये पडला तर पेल्याचा हिशोब कोण मांडत बसणार. ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला सांगायचं. हे "नॅचरल" आहे म्हणून सांगायची लाज वाटते लोकांना, डॉक्टर ओरडतील म्हणून लपवतात.

---

लॅबकोट

याला शंभर वेळा अनुमोदन. आणि पावडर, कॅप्सूल घेणाऱ्यांसाठी: "शुगर गायब" छाप पुडीत कधी कधी सरळ ग्लिबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मिन अशी डायबेटिसची गोळीच मिसळलेली सापडते. फार पटकन आणि फार जोरात शुगर उतरवणारी पुडी मला जास्त संशयास्पद वाटते. शिवाय डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात करणंच १९५४ च्या मॅजिक रेमेडीज कायद्याने मना आहे, त्यामुळे पाकिटावर तसं ठळक लिहिलं असेल तर बनवणारा बाकी नियम किती पाळत असेल याचा अंदाज बांधा.

---

पारिजातक

बाप रे, इतके प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. १९९८ च्या ट्रायलची लिपिडवाली ओळ सासऱ्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले "सरकारी ट्रायल ना, मग बरोबर असेल". म्हणजे सरकारी आहे म्हणून मान्य! गोळी चालू राहिली. पण शुगरसाठी पेला सोडणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर आता मलाही उत्सुकता आहे. माझा दुसरा प्रश्न शिल्लक आहे, घरी तपासता येईल का?

---

गणिती

येईल, एका माणसापुरतं. त्यातून जगाला काही कळणार नाही पण सासऱ्यांना त्यांच्यापुरतं कळू शकेल.

पहिली गोष्ट, डॉक्टरांना सांगा आणि तपासणीच्या काळात मेटफॉर्मिनचा डोस हलवायचा नाही. आकडा इतका बिघडला की हलवावाच लागला तर तपासणी तिथेच थांबवायची, माणूस आधी. मग दोन टप्पे, एक पेल्यासकट आणि एक पेल्याशिवाय, प्रत्येक टप्पा किमान तीन महिन्यांचा. तीन महिने का, तर एचबीएवनसी लाल पेशींवर चिकटलेल्या साखरेवरून काढतात आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्याआधी टेस्ट केली तर मागचा टप्पा पुढच्यात मिसळतो. आधी कुठला टप्पा हे तुम्ही किंवा त्यांनी ठरवायचं नाही, नाणं उडवा. आपण ठरवलं की आपण नकळत सोयीचा काळ निवडतो.

तेवढ्याने भागणार नाही कारण दोनच एचबीएवनसी म्हणजे दोनच ठिपके. म्हणून घरच्या ग्लुकोमीटरवर आठवड्यातल्या ठरलेल्या वारी सकाळची फास्टिंग, त्याच मशीनवर. मीटरला १५ टक्क्यांपर्यंत इकडे तिकडे व्हायची मुभा मानकातच आहे, म्हणजे खरी १३० असेल तर ११२ पण दाखवू शकतो आणि १४८ पण, त्यामुळे एका सकाळच्या आकड्यावर घरात सभा भरवायची नाही. वजन आणि चालणं पण लिहा. पाच किलो उतरले असतील तर पेल्याला श्रेय देता येणार नाही.

---

लॅबकोट

माझ्याकडून भर. दोन्ही टप्प्यांची एचबीएवनसी एकाच लॅबमध्ये करा. आणि आधी हिमोग्लोबिन बघून घ्या, लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटी चढलेली दिसते, आणि मधेच लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर ती उतरते, मग पेल्याला फुकटचं श्रेय. लिपिड प्रोफाइल करणारच असाल तर उपाशीपोटी, कारण बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून काढतात. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं असेल तर ट्रायग्लिसराइड चढतं आणि एलडीएल कागदावर उतरलेलं दिसतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की तो हिशोब धरायचाच नाही. सुरुवातीला आणि शेवटी लिव्हरसाठी एसजीपीटी आणि किडनीसाठी क्रिएटिनिन, ते मात्र नक्की. गुळवेलीबद्दल लोक बेफिकीर होते, कोविडच्या काळात लिटर लिटर काढे प्यायले आणि २०२१ मध्ये मुंबईतून लिव्हरला इजा झालेल्या पेशंटचे रिपोर्ट छापून आले. बिबळ्याचं तसं ऐकलेलं नाही, पण टेस्ट करायला काय जातंय.

---

हिरवी वेल

पण त्यांना तर कळणारच ना पेला चालू आहे की बंद. डमी पाणी देता येईल का? काथ घालून रंग आणि तुरटपणा दोन्ही येईल, मी करून बघेन म्हणते.

---

वैद्यबुवा_नव्हे_वैद्या

हिरवी वेल, हसू आलं, कारण काथ म्हणजे खैर, आणि खैर त्याच सालसारादि गणात असनाच्या शेजारी बसलेला आहे! डमी म्हणून तुम्ही त्याचाच भाऊ पाजणार. हिरडा पण नको, तोही औषधच.

---

चिंधी

शुगरवर गुडमारीचा पाला खाणाऱ्यांचं याहून वाईट. पान चावलं की जिभेला गोड कळतच नाही, साखर वाळूसारखी लागते, अर्धा एक तास. ब्लाइंड ट्रायलमध्ये पेशंट घरी जाऊन पेढा खातो आणि त्याला लगेच कळतं आपल्याला खरं मिळालंय की खोटं. हलकं घ्या.

---

गणिती

चिंधी, हलकं कसलं, ही खरीखुरी अडचण आहे, म्हणून तर कॅप्सूल करतात. मेथीच्या वेळी दुसरीच अडचण, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९९० च्या कामात शुगर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही उतरले होते, पण रोज १०० ग्रॅम तेल काढलेली मेथी पूड खाऊन. शंभर! आपण चमचाभर भिजवून खातो आणि त्या अभ्यासाचा हवाला देतो.

पारिजातक, डमीच्या भानगडीत पडू नका. एचबीएवनसीला सासऱ्यांच्या विश्वासाचं थेट काही कळत नाही, विश्वासामुळे ते कमी खातील किंवा जास्त खातील एवढंच, म्हणून तर वजन लिहायचं. आणि आधीच ठरवून कागदावर लिहा की किती फरक पडला तर "उपयोग आहे" म्हणायचं. मी एचबीएवनसीतला ०.५ च्या खालचा फरक मोजणार नाही. आकडे आल्यावर रेघ मारली तर ती जिथे पाहिजे तिथे मारली जाते.

---

टांगारू

हे मला आवडलं. ०.५ मान्य. माझी पैज पेल्यावर.

---

किरकिऱ्या

माझी गणितीच्या नाण्यावर.

---

पारिजातक

झालं. डॉक्टरांशी बोललो, ते म्हणाले मेटफॉर्मिन आणि स्टॅटिनला हात लावत नसाल तर हरकत नाही, मात्र फास्टिंग सलग चढती दिसली तर लगेच या. हिमोग्लोबिन, एसजीपीटी, क्रिएटिनिन, लिपिड आणि एचबीएवनसी सुरुवातीचे करून घेतले. ०.५ ची रेघ सासऱ्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली, सासूबाईंनी साक्षीदार म्हणून. नाणं उडवलं, आधी पेल्याशिवाय आलं, त्यावर नाराजी.

एकच अडचण आहे. त्यांची अट आहे की पेल्याशिवायचा टप्पा आंब्याच्या सिझनमध्ये नको, तेव्हा त्यांना पेल्याचा आधार लागतो म्हणे.

---

गणिती

ताई, मग कुठलाच टप्पा आंब्यात नको. पेल्यासकटचा टप्पा आंब्यात गेला आणि शुगर चढली तर टांगारू पैज मानणार नाहीत, आणि पेल्याशिवायचा गेला तर किरकिऱ्या मानणार नाहीत. पावसाळा लागला की सुरू करा, दोन्ही टप्पे नवीन वर्षाच्या आत बसतात. दिवाळी दुसऱ्या टप्प्यात येते, तिचं काय करायचं ते सासूबाईंना विचारा, फराळाच्या डब्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतील.